मदत हवी आहे: वेताळाला हिट पॉइंट किती द्यावेत?

आम्ही पाचजण दर दुसऱ्या रविवारी दादरला डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो, म्हणजे फासे टाकत काल्पनिक जगातली पात्रं व्हायचं. तीन वर्षं डीएमगिरी, म्हणजे गोष्ट रचून खेळ चालवायचं काम, माझ्याच गळ्यात आहे. आता नवी मोहीम सुरू करायची, तर जग कुठलं घ्यायचं इथे घोडं अडलंय.

आधी आवडनिवड सांगतो. तयार जगांपैकी फरगॉटन रेल्म्स मला झेपत नाही. १९८७ पासून छापताहेत, इतका इतिहास साचलाय की धर्मशाळेत भाकरी मागायची तरी आज कुठल्या देवाचा सण ते बघावं लागतं. शिवाय जग वाचवायला आमच्याहून थोर जादूगार तिथे गल्लोगल्ली. डार्क सन हे जग मात्र जाम आवडलं. धातू दुर्मीळ, पाणी त्याहून दुर्मीळ, आणि कुणी हावरटासारखा मंत्र टाकला की आजूबाजूची झाडं राख. पण ते आम्ही मे महिन्यात खेळलो, सोसायटीत टँकरची वाट बघत. पुरे झालं. एबरॉन जगातलं शार्न शहरही छान: वरच्या मनोऱ्यांत श्रीमंत, तळाला गाळ. मुंबईकराला समजवावं लागत नाही.

एल्फ नकोत. का ते विचारू नका.

शेवटी ठरवलं, आपलंच जग करू. भराव पडायच्या आधीची सात बेटं. परळहून माहीमला जायचं तर खाडी ओलांडा. समुद्रात आंग्र्यांची लढाऊ गुराबं, दस्तक (परवाना) नसेल तर गलबत अडवणार. नकाशा काढताना रात्रीचे दोन वाजले. खेळातल्या नेहमीच्या ऑर्क-गॉब्लिन राक्षसांच्या जागी गिऱ्हा, खवीस, हडळ आणि शेवटी वेताळ, एकशे दहा हिट पॉइंट, म्हणजे एवढा मार बसला की खलास.

आमच्यातला एक वेंगुर्ल्याकडचा. आकडा ऐकून गप्पच झाला. मग म्हणाला, "आमचो देव तो. आरवलीच्या वेतोबाक आम्ही चपला वाहतो, रात्री गावाची राखण करून त्या झिजतात. त्याच्यावर मी तलवार चालवू?"

बाकीचे म्हणतात, ग्रीक देवांशी लढताना कुणाला काही वाटलं नव्हतं. खरंय, पण ग्रीक देवाला चपला वाहणारं आमच्यात कुणी नाही. नुसतं नाव बदललं तर मग ऑर्क काय वाईट होता? काय करू?

प्रतिसाद १
आकडे देऊच नका. तो शत्रू नव्हे, राखणदार. मोहिमेवर निघताना त्याचा कौल घ्यायचा: दोन फासे टाका, उजवा मोठा पडला तर होकार. नकार असून निघालात तर त्या रात्री राखण नाही. मारामारी गिऱ्ह्याशी ठेवा, त्याला कोण देऊळ बांधतंय! आणि देवापुढचं गाऱ्हाणं, म्हणजे साकडं, तुमच्या वेंगुर्लेकरालाच घालू द्या.

धागाकर्ता
विचारलं त्याला. तयार आहे, पण "व्हय महाराजा" सगळ्यांनी म्हणायचं आणि वेतोबासाठी केळ्यांचा घड डीएमने आणायचा.