रिकाम्या हाताने सुरुवात: सर्व्हायव्हल गेमचे तुमचे अनुभव

मे महिना, दुपारी बाहेर पाऊल टाकवत नाही. आपल्यातले बरेच जण याच दिवसांत गेमला बसतात, म्हणून हा धागा. जवळ काहीच नसताना लाकूड, दगड, आग, अन्न, निवारा असं एकेक उभं करायला लावणारे हे गेम तुम्हाला कुठे धरून ठेवतात आणि कुठे नकोसे होतात? गेमची यादी नको, एखादा प्रसंग सांगा. सुरुवात मी करतो.

मी 'सबनॉटिका' (2018) खेळतो. परक्या ग्रहावरचा समुद्र, सुरुवातीला श्वास फक्त 45 सेकंदांचा, आणि नकाशा मिळतच नाही. मी पोहायला शिकलो शेतातल्या विहिरीत, पाठीला डबा बांधून, आजोबा काठावर. गेममध्ये बुडालेल्या जहाजाच्या एका तुकड्यात शिरलो, मागे वळलो तर आलो ते दार कुठलं तेच कळेना. डबा सुटला होता त्या दिवशीसारखी छाती धडधडली. सारखं खायचं-प्यायचं बघायचा कंटाळा आला म्हणून मी भूक-तहान नसलेल्या फ्रीडम मोडमध्ये नव्याने सुरू केलं आणि आठवड्यात सोडून दिलं. भूकच नाही म्हटल्यावर पाण्यात बांधलेल्या घरी परतायचं कारण उरलं नाही. माझ्या मते भूक हवीच, पण तिने काहीतरी ठरवायला लावलं पाहिजे. नुसता वाजत राहणारा गजर झाली की मन उडतं.

जुळे सोलापूर, गृहिणी

मुलाने मला 'माइनक्राफ्ट' शिकवला. त्यातला दिवस-रात्र मिळून 20 मिनिटांचा, उजेड साधारण 10 मिनिटं. पहिल्या संध्याकाळी आम्ही डोंगरात बीळ केलं, मातीने तोंड बुजवलं आणि आत बसून बाहेरच्या झोंबींचे आवाज ऐकले. ती रात्र मला अजून आवडते.

पण सांगायचंय ते पाण्याचं. एकदा त्याने दोन बाय दोनचा खड्डा खणला, समोरासमोरच्या कोपऱ्यांत एकेक बादली पाणी ओतलं आणि म्हणाला, "आई, आता कितीही काढ." काढलं की लगेच भरत होतं. आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांआड. पाण्याच्या दिवशी मी रात्री दोनला उठून पिंप, हंडे, कळश्या, शेवटी पातेलीसुद्धा भरून ठेवते. त्या खड्ड्यातून मी दहा-बारा बादल्या नुसत्याच उपसून बघितल्या.

वैताग एकाच गोष्टीचा. मेलं की सामान तिथेच पडतं आणि 5 मिनिटांत नाहीसं होतं, लाव्हात पडलं तर लगेच. मुलाचं हिऱ्यांचं सगळं सामान असं गेलं, त्या रात्री तो जेवला नाही. मग आम्ही सामान न जाण्याचं सेटिंग सुरू केलं. खेळ बेचव झाला नाही, उलट तो आता लांबच्या गुहांत जायला लागलाय.

अक्कलकोट रोड एमआयडीसी, टॉवेल कारखान्यात कामाला

'रस्ट'मध्ये खरी माणसं एकमेकांना लुटतात, आणि गेम बंद केला तरी आपलं पात्र तिथेच झोपलेलं असतं. माझी रात्रपाळी. मी इकडे लूमवर उभा आणि तिकडे आमचं घर फुटतंय. आठ दिवस लाकूड, दगड, लोखंड जमवून बांधलेलं. सकाळी येऊन बघतो तर मेलेलो, परत पहिल्यापासून समुद्रकिनाऱ्यावर, हातात दगड आणि मशाल. समोरासमोर हरलो असतो तर काही वाटलं नसतं बे. दर महिन्याला सर्व्हर पुसतात ते मान्य आहे, सगळ्यांचंच जातं. झोपेत लुटलेलं मनातून जात नाही.

विजापूर रोड, सध्या पुण्यात

2021 च्या लॉकडाउनमध्ये घरी होतो तेव्हा शाळेतले आम्ही चौघं 'व्हॅलहाइम' खेळायचो. त्यात उपाशी राहून कोणी मरत नाही, खाल्लं की जीव आणि दम वाढतो, एका वेळी तीन पदार्थ. त्यामुळे रांधायचा कधी कंटाळा आला नाही. मोठी लढाई ठरली की आधी चूल पेटायची. लोखंड पोर्टलमधून, म्हणजे क्षणात दुसरीकडे पोचवणाऱ्या दारातून, नेता येत नाही, नावेतूनच न्यायचं. एका रात्री वारा उलटा, नावेत लोखंड आणि मागे समुद्री साप. त्या फेरीबद्दल आम्ही अजून बोलतो. आता सेटिंगमध्ये ती अट काढता येते. काढू नका.

नवी पेठ, कापड दुकान

आम्ही काढली. दुकान बंद करून घरी यायला साडेनऊ होतात, खेळायला मिळतो एक तास. तो नावेतच गेला तर खेळलो काय?

सात रस्ता, बारावीची परीक्षा नुकतीच झालेला

बाहेर 43 अंश, कूलरमधलं पाणी संपलेलं, आणि मी 'द लाँग डार्क'मध्ये कॅनडाच्या बर्फात. मेलं की सेव्ह, म्हणजे साठवलेला खेळ, कायमची पुसली जाईल असाच मी तो खेळतो. 61 वा दिवस होता, तीन काड्या उरल्या होत्या. गुहेच्या तोंडाशी आग पेटवली, वारा फिरला आणि विझली. दुसरी काडी पेटली नाही. तिसरीने पेटली. बर्फ वितळून पाणी होईपर्यंत मी खुर्चीवरून हललो नाही. दुसऱ्या दिवशी मेलो. वादळ येताना दिसत होतं, तरी निघालो होतो, चूक माझीच. त्याच रात्री पहिल्या दिवसापासून परत सुरू केलं.