मदत हवी आहे : तुकडी बदलल्यापासून नववीतील विद्यार्थिनी अभ्यासात मागे पडली आहे
नमस्कार. मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते. आठवीपर्यंत स्वतःहून फळ्यापाशी येऊन उदाहरणे सोडवणारी माझी एक विद्यार्थिनी, नववीत तुकडी बदलून जिवाभावाच्या मैत्रिणींपासून वेगळी झाल्यापासून गप्प असते आणि सहामाही परीक्षेत तिचे गुणही बरेच घसरले आहेत. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी व रिचर्ड रायन यांच्या स्वयंनिर्धारण सिद्धान्तानुसार आतून येणाऱ्या प्रेरणेला स्वायत्तता आणि क्षमतेची जाणीव यांच्याबरोबरच आपलेपणाचीही गरज असते; तिच्या बाबतीत मला नेमकी हीच उणीव दिसते, बुद्धीची मुळीच नाही. तिला जुन्या तुकडीत परत पाठवावे, की नव्या वर्गात दोघी-तिघींच्या गटात काम देऊन मैत्री जुळू द्यावी? असा अनुभव असलेल्या शिक्षकांनी, विशेषतः गट कसे पाडले, हे कृपया सविस्तर कळवावे.