ख्रिस्ती घरं आणि घरशाळा : कारणं, पद्धत, कागदपत्रं (अनुभव धागा, नागपूर)

संत्रानगरी
स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरात आले आणि मिशनच्या शाळा सुरू झाल्या. आजही सदरमध्ये शाळा सुटायच्या वेळी रस्ता तुंबतो, तो मुख्यतः ख्रिस्ती संस्थांच्या शाळांमुळेच. मग मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, काही घरं मुलांना घरीच का शिकवतात? आपली कहाणी नको. कारण, रोजची पद्धत, कागद आणि नेमकं कुठे फसतं, तेवढं लिहा.

जुनी_मास्तरीण
आधार सांगतात तो बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचा, ६:६-७. घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना मुलांना वचन शिकवा, ही आज्ञा आईबापांना आहे. कॅथलिकांकडेही व्हॅटिकन परिषदेच्या १९६५ च्या शिक्षणविषयक घोषणेत पालकांना पहिले आणि मुख्य शिक्षक म्हटलंय. मात्र तीच घोषणा कॅथलिक शाळांचीही पाठराखण करते, त्यामुळे ती बाजू दाखवून कोणी वाद जिंकत नाही.

अमेरिकेतली कारणं इथे जशीच्या तशी चिकटवू नका. तिकडे सर्वोच्च न्यायालयाच्या १९६२-६३ च्या निकालांनी सरकारी शाळांतली शाळेने घडवून आणलेली प्रार्थना बंद झाली, त्याचा राग पुढच्या घरशाळेच्या लाटेत होता. इथल्या मिशन शाळेत प्रार्थना होतेच. इथलं खरं दुखणं वेळेचं आहे : शाळा, व्हॅन, ट्यूशन, गृहपाठ. कौटुंबिक प्रार्थनेला मूल झोपेत येतं. फी हेही कारण असतं, फक्त उपासनेनंतरच्या गप्पांत ते कोणी बोलत नाही.

सेमिनरी_हिल्स
वेळापत्रकाचं सांगते. सकाळी सातला प्रार्थना आणि वाचन, २० मिनिटं. बायबलमधल्या नीतिसूत्रांचे ३१ अध्याय आहेत, म्हणून तारखेचा अध्याय घ्यायचा. काय वाचायचं यावरची रोजची चर्चा टळते. लहानांना सबंध अध्याय झेपत नाही, चार-पाच वचनं पुरतात. मग मुलाने पुस्तक मिटून आपल्या शब्दांत सांगायचं. शार्लट मेसन (१८४२–१९२३) या इंग्लिश शिक्षिकेची ही रीत, इतिहासालाही तितकीच चालते. आठ वर्षांखालच्या मुलाचा पाठ १५-२० मिनिटांपलीकडे ताणू नका. गणित सकाळीच, डोकं ताजं असताना.

मे महिन्यात दहानंतर घरात काहीही शिकवू नये. कूलरच्या आवाजात श्रुतलेखन होत नाही, हे लिहून ठेवा. विदर्भातल्या शाळा तशाही जूनच्या शेवटी उघडतात. उन्हाळ्यात सकाळचे दोनच तास ठेवा, उरलेलं पावसाळ्यात भरून काढा. फुलपाखरं, पानं, पक्षी यांची वही करायला सेमिनरी हिल्सचं जंगल आहेच.

गणितवेडा
सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते परदेशी संच मागवून. ख्रिस्ती अभ्यासक्रमांत पुस्तिकांची एक पद्धत आहे : एका विषयाच्या वर्षाला १२ पुस्तिका, शेवटी चाचणी, ८० टक्क्यांखाली गुण आले तर तीच पुस्तिका पुन्हा. पद्धत चांगली, मूल आपल्या गतीने जातं. पण अमेरिकी संचात इंच, पाउंड आणि डॉलरची उदाहरणं असतात, आणि मराठीचं नावही नसतं. मूल बारा वर्षांचं झाल्यावर लक्षात येतं की त्याला अंतर मैलात मोजायची सवय लागलीय आणि मराठी जोडाक्षरं वाचता येत नाहीत.

उपाय स्वस्त आहे. बायबल आणि इंग्रजी त्या संचातून घ्या. गणित, मराठी आणि इतिहास बालभारतीतून. बालभारतीच्या पीडीएफ फुकट उतरवता येतात. चुका तपासणारं माणूस मात्र ठरलेलं हवं. उत्तरसूची मुलाच्या हाती दिली की ८० टक्के रोजच पडतात.

कागदवाला
आता कायद्याचं. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, ६ ते १४ वयासाठी. घरशाळेला त्यात स्पष्ट मान्यता नाही आणि नाव घेऊन बंदीही नाही. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाला शिक्षक दारात आले तर हुज्जत घालू नका. तारखा घातलेल्या वह्या, चाचण्या आणि जन्मदाखला समोर ठेवा.

दहावीला दोन वाटा. राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म, म्हणजे खासगी विद्यार्थी म्हणून परीक्षा; त्याला शाळा सोडल्याचा दाखला लागतो. म्हणजे मूल आधी शाळेत असेल तर निघतानाच टीसी घ्या. जे कधी शाळेत गेलंच नाही, त्याला एनआयओएस (केंद्राचं मुक्त विद्यालय मंडळ) सोयीचं : वय १४ पूर्ण, पाच विषय, वर्षातून दोनदा परीक्षा, नोंदणी पाच वर्षं चालते आणि तेवढ्यात नऊ संधी. स्वाध्याय वेळेत जमा करा, ते गुण हातचे असतात.

नावांचा घोळ आपल्या लोकांत फार. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर एक, जन्मदाखल्यावर दुसरं, आधारवर वडिलांचं नाव मध्ये घुसलेलं. मूल दहा वर्षांचं व्हायच्या आत तिन्ही एकसारखी करून घ्या. आणखी एक : अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांना महाराष्ट्रात ओबीसी सवलत आहे, पण जातीच्या पुराव्यात शाळेच्या दाखल्याला वजन असतं. मुलाचा दाखलाच नसेल तर वडिलांचे आणि आजोबांचे दाखले आत्ताच शोधून लॅमिनेशन न करता जपून ठेवा.

जुनी_मास्तरीण
त्यात एक भर. वाटलं तेव्हा कॉन्व्हेंटमध्ये परत घालू, असं गृहीत धरू नका. वयानुरूप वर्गात प्रवेशाची तरतूद शिक्षण हक्क कायद्यात आहे, पण २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने अल्पसंख्याक शाळा त्या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवल्या. महापालिकेची शाळा प्रवेश देईल. आपल्याच मंडळीची शाळा जागा नाही म्हणून हात वर करू शकते.

सेमिनरी_हिल्स
मित्रांचा प्रश्न येणारच. संडे स्कूल आठवड्यातून एकदाच, तेवढ्यावर भागत नाही. रोज संध्याकाळी मैदान हवंच, आणि ते मंडळीबाहेरच्या मुलांबरोबर. शालेय क्रीडा स्पर्धांत शाळेमार्फतच नाव जातं, म्हणून खेळात पुढे जाणाऱ्या मुलासाठी खेळाच्या असोसिएशनच्या स्पर्धांत मुलं उतरवणारा क्लब आधीच बघून ठेवा.