मदत हवी आहे: मॉरिशसमधल्या भाऊबंदांकडे जायचंय

नमस्कार मंडळी. मे महिन्यात आम्ही चौघं आठ दिवस मॉरिशसला जातोय. माझ्या पणजोबांचे थोरले भाऊ मालवणकडून गिरमिटावर (मजुरीच्या करारावर) उसाच्या मळ्यात गेले ते परत आलेच नाहीत. त्यांची नातवंडं-पतवंडं वाक्वा भागात राहतात. दोन वर्षांपूर्वी फोनवर ओळख पटली आणि माझी आजी ढसाढसा रडली. त्यांना मराठी थोडी समजते, घरात तिथली क्रिओल भाषा बोलतात. आता ते म्हणतात, हॉटेल कशाला, घरीच उतरा.

पहिल्याच भेटीत चार माणसांनी आठ दिवस राहावं का? मला अवघड वाटतं. दोन रात्री ठीक होतील?

आजीला त्यांच्यासाठी आमच्या परसातला नारळ आणि तुळशीचं रोप द्यायचंय. पण रोपं, बिया, ताजी फळं तिथे परवान्याशिवाय नेता येत नाहीत. मग गावची आठवण म्हणून काय न्यावं? देवळातला अंगारा नि जुने फोटो काढून ठेवलेत.

आणि तिथल्या मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेत गिरमिटियांच्या नोंदवह्या आहेत. आमच्याकडे फक्त नाव नि गाव आहे, जहाज किंवा नोंदणी क्रमांक नाही. तेवढ्यावर कुणाला नोंद सापडली आहे का? आपली माणसं जिथे उतरली त्या आप्रवासी घाटावर ती नोंद हातात घेऊन जायचंय.