पाच वर्षं म्हणजे लवकर नाही

"इतक्या लहान वयात मुलांना गुप्तांगांबद्दल आणि नकोशा स्पर्शाबद्दल सांगितलं तर ती घाबरतील, नको ते विचारत बसतील" ही भीती मी समजू शकते, माझ्याही मनात होती. पण इथे सेक्सबद्दल सगळं सांगायचंच नाहीये हो, नाक-कान शिकवतो तसंच लिंग, योनी हे शब्द नीट सांगायचे, बस. टोपणनावं ठेवली की उद्या मुलाने काही सांगितलं तरी समोरच्या टीचरला किंवा डॉक्टरला कळत नाही तो कशाबद्दल बोलतोय, आणि आपण ते नाव घ्यायलाच लाजलो तर मूलही लाजून गप्प बसतं. युनेस्कोच्या 2018 च्या लैंगिक शिक्षणाच्या मार्गदर्शक सूचनांमध्येही पहिला वयोगट 5 ते 8 वर्षांचाच आहे.

आणि फक्त "अनोळखी माणसापासून सावध" एवढंच शिकवून भागत नाही, कारण मुलांना लैंगिक त्रास देणारा बहुतेक वेळा ओळखीचाच असतो. म्हणून मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की पाहुणे आले की "जा, पापी दे" म्हणून मुलांना ढकलू नका. एकीकडे तुझं शरीर तुझं म्हणायचं आणि दुसरीकडे त्याचा नकार मोडायचा, मग मूल काय शिकणार? सरप्राइज आणि सीक्रेट यातला फरकही सांगा, सरप्राइज नंतर सगळ्यांना कळतं, पण "आईला सांगू नको" असं कोणी म्हटलं तर ते आईला सांगायचंच. आणि सांगितलं तर आधी विश्वास ठेवा, "तू गेलासच कशाला तिकडे" हे चुकूनही म्हणू नका.