मदत हवी आहे: सुल्काटा कासवाचं पिल्लू डोळे मिटून बसतंय, पेटी आणि खाणं कसं ठेवू?

इंदिरानगर_३
नमस्कार मंडळी. नाशिकला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. सुल्काटाचं पिल्लू आणून बारा दिवस झाले. कवच ६ सेंमी, वजन ५२ ग्रॅम. दोन फुटी काचेची टाकी, खाली दोन इंच वाळू, वर ४० वॅटचा लाल बल्ब. खायला कोबी, काकडी, कधी टोमॅटो. पाण्याच्या वाटीकडे ते फिरकत नाही. चार दिवस झाले, डोळे मिटून कोपऱ्यात बसून असतं. शीसोबत पांढरं, खडूच्या ओल्या भुकटीसारखं काहीतरी पडतं, बोटांत चुरलं की खरखरतं. विकणाऱ्याने सांगितलं होतं, "वाळवंटातलं आहे, कोरडंच ठेवा." रात्री खोलीत १७-१८ अंश असतात. काय चुकतंय?

रानवाट
आधी जात नक्की करा. सुल्काटाचं पिल्लू फिकट पिवळसर असतं आणि कवचाच्या प्रत्येक खवल्याला तपकिरी कडा असते. खवल्याच्या मध्यातून पिवळ्या रेघा चांदणीसारख्या फाकलेल्या असतील तर ते आपलं भारतीय तारा कासव. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे ते घरात ठेवता येत नाही. तसं असेल तर वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करून त्यांच्या ताब्यात द्या, स्वतःहून डोंगरात नेऊन सोडू नका. सुल्काटाच असेल तर केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते, विक्रेत्याकडून कागद मागून घ्या.

कवच_आणि_कोकोपीट
ते पांढरं म्हणजे युरेट, लघवीतला घट्ट भाग. टूथपेस्टसारखं मऊ असेल तर काळजी नसते, खरखरीत झालं की शरीरात पाणी कमी पडलंय. आजपासून दिवसातून दोनदा, वीस-वीस मिनिटं, पसरट भांड्यात कोमट पाण्यात बसवा. पाणी हनुवटीच्या खालीच राहू द्या, वरचं आणि खालचं कवच जिथे जुळतं तिथपर्यंत पुरे. मनगटावर टाकल्यावर जेमतेम ऊब जाणवावी, आणि गार झालं की बदला. बहुतेक पिल्लं याच पाण्यात पितात आणि इथेच शी करतात. तरतरी आली की दिवसातून एकदा पुरे. अंघोळीनंतर पुसून लगेच उबेत ठेवा.

आता "कोरडंच ठेवा" या सल्ल्याबद्दल. पिल्लं याच सल्ल्याने जातात. सुल्काटा सहाराच्या दक्षिणेच्या गवताळ पट्ट्यातलं खरं, पण तिथे ते उन्हाचा काळ खोल बिळात काढतं आणि बिळातली हवा दमट असते. कोरड्या उष्ण टाकीत वाढणाऱ्या कवचाचे खवले टेंगळांसारखे वर येतात. त्यालाच पिरॅमिडिंग म्हणतात, आणि एकदा आलं की ते जात नाही. पिल्लाला ७० ते ८० टक्के आर्द्रता हवी. पण ओल आणि ऊब बरोबरच द्यायची. ओल असून गारठा असेल तर फुप्फुसाचा संसर्ग होतो. नाशिकच्या थंडीत ही चूक सर्वांत महागात पडते.

पेटी प्लायवूडची करून घ्या: ४ फूट बाय २ फूट, उंची दीड फूट, आतून वॉटरप्रूफ रंग, वर अर्धं झाकण. रंगाचा वास पूर्ण गेल्याशिवाय पिल्लू आत ठेवू नका. काचेतून पलीकडचं दिसतं, म्हणून पिल्लू दिवसभर काचेला धडका देत राहतं. वाळू काढून टाका. खाण्याबरोबर पोटात जाते आणि आतडं तुंबतं. कोकोपीटची ५ किलोची वीट दोनदा भिजवून पिळा म्हणजे क्षार निघतात. एका विटेत तळाला ८ सेंमीचा थर होतो. पाणी चारही कोपऱ्यांत ओता, वरचा पापुद्रा कोरडाच राहू द्या, नाहीतर पोटाखालचं कवच कुजायला लागतं.

लाल बल्ब काढा. त्याऐवजी उजेड न देता ऊब देणारा १०० वॅटचा सिरॅमिक हीटर, तोही चिनी मातीच्या होल्डरमध्ये. प्लॅस्टिकचा होल्डर वितळतो. जोडीला तापमान ठरलेलं राखणारा थर्मोस्टॅट हवाच, त्याचा सेन्सर पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर बांधा. दिवसा एका टोकाला साध्या पांढऱ्या स्पॉट दिव्याखाली ३५ अंश, दुसऱ्या टोकाला २७. रात्री कुठेच २६ च्या खाली नको. गारठ्यात खाल्लेलं पचत नाही, पोटात आंबतं. शिवाय टी-५ यूव्हीबी ट्यूब (उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारी बारीक नळी), पाठीपासून ३५-४० सेंमीवर, दिवसाला १२ तास. दिसायला प्रकाश तोच राहतो, पण यूव्हीबी उतरत जातं, म्हणून ती वर्षाने बदला. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हात यूव्हीबी नसतं.

पाण्याला कुंडीखालची मातीची उथळ ताटली. लपायला आडवी अर्धी कुंडी, आत ओला काथ्या.

घोळ_आणि_हरळी
खाण्याचं मी लिहितो. कोबी, काकडी, टोमॅटो आजच बंद करा. फळं, पोळी, भात, दूध, अंडं यातलं काहीच नको. फळातल्या साखरेने आतड्यातले जंतू बिघडतात आणि जुलाब लागतात.

ताटलीत दहातले आठ भाग गवत आणि रानपाला: हरळी बारीक कापून, जास्वंदीची पानं-फुलं, तुतीची पानं, काटे सोलून घेतलेला फड्या निवडुंग. शेवग्याचा पाला चिमूटभर, लसूणघास आठवड्यातून एकदा, त्यात प्रथिनं जास्त. घोळ कधीतरीच. पालक आणि आंबट चुक्याची भाजी नकोच, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडकवून ठेवतं. मात्रा साधारण कवचाएवढा ढीग, सकाळी अंघोळीनंतर. घाणेरी, कण्हेर, रुई, गाजरगवत यांचं एक पानही त्यात येता कामा नये.

कॅल्शियमसाठी काष्ठौषधीच्या दुकानात समुद्रफेस (कटलफिशचं हाड) मिळतो. तो खरवडून चिमूटभर पानांवर, आठवड्यातून तीनदा.

इंदिरानगर_३
मनापासून आभार. रेघा नाहीत, सुल्काटाच आहे. दिंडोरीला मामांचा द्राक्षमळा आहे, ती पानं चालतील? आणि रात्री लाईट गेली तर?

घोळ_आणि_हरळी
द्राक्षाचं पान कासवाला उत्तम, पण मळ्यातलं मुळीच नको. ऑक्टोबर छाटणीनंतर बुरशीनाशकाचे फवारे चालूच असतात आणि आंतरप्रवाही, म्हणजे पानाच्या आत शिरणारं औषध धुऊन जात नाही. फुलवाल्याकडचे गुलाब, रस्त्याकडेची हरळी यांचंही तेच. घरच्या कुंडीत वेल लावा आणि फवारू नका.

कवच_आणि_कोकोपीट
लाईट गेली तर गरम पाण्याच्या दोन बाटल्या जाड टॉवेलात गुंडाळून पेटीत ठेवा, वरून गोधडी, एक कोपरा हवेला उघडा. हीटर इन्व्हर्टरवर टाकलात तर बॅटरी किती तास टिकते ते आधी पाहून ठेवा.

बाल्कनीत ऊन द्यायचं तर सकाळी, वीस मिनिटं, अर्धी सावली असलेल्या टबात, वर जाळी टाकून आणि समोर बसून. कावळा एवढं पिल्लू सहज उचलतो.

दोन दिवसांत डोळे उघडले नाहीत, किंवा नाकातून बुडबुडे आले, तोंड उघडून श्वास घेतला, तर सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडेच न्या. ताजी शी डबीत घेऊन जा, जंत तपासता येतात. आयव्हरमेक्टिन हे जंतांवरचं औषध कासवाला विषारी आहे. कुत्र्या-गाईंना सर्रास देतात, म्हणून औषध देण्याआधी नाव विचारा.

आणि हे पूर्ण वाढलं की ४०-५० किलोचं होतं, पन्नास वर्षांच्या पुढे जगतं आणि जमीन उकरतं. फ्लॅटमध्ये पहिली काही वर्षं निघतील, पुढे अंगण लागेल. मामांच्या शेतावर फवारणीपासून लांबचा, भिंत घातलेला तुकडा मिळेल का, ते आताच विचारून ठेवा. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर दर रविवारी वजन घेऊन इथे टाका, पहिल्या महिन्याचे आकडे बघून खाणं कमीजास्त करू.