गार्नर स्टेट पार्कला पहिल्यांदाच आरव्ही (चाकांवरचं घर) घेऊन चाललोय, नदीला लागून साइट घ्यावी का?

नवखा_चालक:
मंडळी, टेक्सासच्या गार्नर स्टेट पार्कला चार रात्री जायचं ठरतंय. आम्ही दोघं, पोरं दोन (९ आणि १३), आणि सध्या आमच्याकडे आलेले सासू-सासरे. सासूबाईंचे गुडघे बघता तंबू शक्यच नाही, म्हणून २५ फुटी क्लास सी (मधल्या आकाराची, स्वतःच चालवायची आरव्ही) भाड्याने घेतोय, आणि मी आजवर एसयूव्हीच्या वर काही चालवलेलं नाही. ह्यूस्टनहून निघणार. प्रश्न असे की ३० अँपच्या साइटवर (म्हणजे गाडी लावायच्या जागेवर, तिथल्या खांबावरून वीज मिळते) एसी, मायक्रोवेव्ह, इंडक्शन सगळं चालतं का? साइट नदीला जितकी जवळ मिळेल तितकी घ्यावी का? आणि ते सांडपाण्याची टाकी रिकामी करायचं प्रकरण नक्की किती भयंकर असतं, बायको म्हणते ते तू एकट्याने करायचं.

टाकीबहाद्दर:
आधी सीट बेल्ट मोजा! जाहिरातीत "सहा जण झोपतात" लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ सहा बेल्ट आहेत असा होत नाही. आमच्या वेळी गाडी ताब्यात घेताना कळलं आणि मग मेव्हणा स्वतःची कार घेऊन मागे मागे आला.
आता वीज. ३० अँप गुणिले १२० व्होल्ट म्हणजे ३६०० वॅट, बस एवढंच तुमचं भांडवल. छतावरचा एसी चालताना साधारण १३ अँप खातो, सुरू होताना क्षणभर त्याहून बराच जास्त. मायक्रोवेव्ह आणखी १३ च्या आसपास. इंडक्शन फुल्लवर ठेवलं तर एकटं १५. म्हणजे एसी आणि यातलं कुठलंही एक, तेही काठावर, आणि त्यात गीझर विजेवर चालू राहिला असेल तर खटका पडणारच. आमचा पहिल्या रात्री तीनदा पडला, मी खांबावरचा ब्रेकर वर-खाली करत बसलो, शेवटी शेजारच्या आजोबांनी येऊन गीझर गॅसवर करून दिला आणि काही न बोलता निघून गेले. तो गीझर गॅसवर ठेवा, स्वयंपाक गाडीतल्या गॅसवर किंवा बाहेर करा, इंडक्शन घरीच राहू दे.
प्लग लावायच्या आधी खांबावरचा ब्रेकर बंद करा, आणि सर्ज प्रोटेक्टर लावा, तो वायरिंग उलटसुलट असेल तर सांगतो. पाण्याच्या नळाला प्रेशर रेग्युलेटर, मगच पांढरा पिण्याच्या पाण्याचा पाइप.

फ्रिओवेडी:
गार्नर म्हणजे आमचं माहेर आहे हो! तिथली नदी फ्रिओ, फ्रिओ म्हणजे स्पॅनिशमध्ये थंड, आणि नदी नावाला जागते, भर उन्हाळ्यात पाय घातला की पोरं किंचाळतात. काठाला सायप्रसची जुनी झाडं, त्यांची मुळं पाण्यात उतरलेली, त्यावर बसून सासरेबुवांची दुपार निघेल. ट्यूबा घेऊन जा. दुष्काळाच्या वर्षी पाणी इतकं उतरतं की ट्यूब उचलून चालावं लागतं, त्यामुळे आधी विचारून घ्या. उन्हाळ्यात रात्री पॅव्हिलियनवर ज्यूकबॉक्स लावून नाच असतो, १९४० च्या दशकापासून चालू आहे, तुमची १३ वाली आधी नाक मुरडेल आणि मग परत यायला तयार होणार नाही.
पण अगदी पाण्याला चिकटून साइट नको, असं माझं ठाम मत. हा सगळा हिल कंट्री, म्हणजे टेक्सासचा डोंगराळ भाग, खाली चुनखडी, वर मातीचा पातळ थर, पाऊस मुरतच नाही, सरळ नदीत. पाऊस तुमच्या डोक्यावर पडायचीही गरज नसते, वरच्या अंगाला पडला तरी पुरतं. २०२५ च्या ४ जुलैला इथल्याच भागातली ग्वाडालुपे नदी पहाटेच्या अंधारात पाऊण तासात साधारण २६ फूट चढली, शंभरावर माणसं गेली. तेव्हापासून मी नकाशा उघडून उंच भागातलीच साइट बघते, नदीवर चालत जाते. पार्कात फोनची रेंज धड नसते, बॅटरीवर चालणारा वेदर रेडिओ (हवामानाचे इशारे देणारा) घ्या आणि रात्री तो बंद करू नका. रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर मागे फिरायचं, मग ते घोट्याएवढं दिसू दे.

रस्तेवाला:
जीपीएसचं ऐकू नका. युवाल्डीहून यूएस ८३ ने वर या, तीसेक मैल, सरळ रस्ता आहे. लीकी गावाकडून ३३७ नंबरच्या रस्त्यावर घालत असेल तर नाही म्हणा, तो मोटरसायकलवाल्यांचा वळणावळणाचा घाट आहे, पहिल्याच दिवशी २५ फुटी गाडी तिथे कशाला. (गावाचं नाव लिहितात लीकी पण म्हणतात लेकी, आपल्या लेकीबाळीतली.) गाडी वळताना मागचा भाग बाहेर फिरतो, पेट्रोल पंपावरचे पिवळे खांब त्यासाठीच रंगलेले असतात.

नवखा_चालक:
बाप रे, पूर माझ्या डोक्यातच नव्हता. उंचावरची साइट शोधतो. पण जूनची एकही दिसत नाहीये?? आणि टाकीचं कोणीच बोललं नाही, मुद्दाम टाळताय का.

फ्रिओवेडी:
बुकिंग पाच महिने आधी उघडतं आणि उन्हाळ्यातलं लगेच भरतं. रोज सकाळी बघत राहा, लोक रद्द करतात, सोम ते गुरु मिळण्याची शक्यता जास्त. जमलं तर ऑक्टोबरला ढकला, पण मग नाच नाही.

टाकीबहाद्दर:
टाळत नव्हतो, जेवत होतो.
घाबरण्यासारखं काही नाही, लोक चुकतात ते आधीच. ब्लॅक टँकचा, म्हणजे संडासाच्या टाकीचा व्हॉल्व्ह साइटवर बंदच ठेवायचा, उघडा ठेवला की पाणी वाहून जातं आणि बाकीचं तळाला सुकून बसतं. सासू-सासऱ्यांना सांगा की इथे पाण्याची काटकसर करू नका, प्रत्येक वेळी भरपूर पाणी, आणि कागद फक्त आरव्हीचा, ओले वाइप्स तर अजिबात नाही. निघताना डंप स्टेशनला (टाक्या रिकाम्या करायची जागा) हातमोजे घाला, पाइप दोन्हीकडे नीट अडकलाय ना ओढून बघा, आधी काळी टाकी सोडा, मग ग्रे, म्हणजे आंघोळीच्या साबणपाण्याने पाइप धुऊन निघतो. दहा-पंधरा मिनिटं. मागे रांग लागलेली असते आणि सगळे तुमच्याकडे बघत असतात, तेवढंच काय ते.
पोराला टॉर्च धरायला घ्या, नऊ वर्षांच्या मुलाला यापेक्षा भारी काही वाटत नाही.